बाबगोंडा आप्पांचा मार्का

बाबगोंडा मगदूमांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते पोत्याच्या भोकातून. निपाणीतल्या त्यांच्या वखारीच्या दारात ते एक रिकामं पोतं उजेडासमोर ताणून धरून उभे होते आणि मी नेमकी पलीकडून आत येत होते. पोत्यामागून आवाज आला, "ह्यातनं तू दिसतीस. म्हंजे ह्ये बाद." पोतं बाजूच्या ढिगावर गेलं आणि मागचा माणूस दिसला. उंच, सडसडीत, डोक्यावर पांढरी टोपी, कानावर पेन्सिल. "त्रिशलाची मैत्रीण न्हवं तू? माधवी, खानापूरची? ये, बस." बसायला त्यांनी पोत्यांचा गठ्ठा दाखवला. त्या वखारीत खुर्ची एकच आहे आणि ती आप्पांची आहे.

आप्पांचा धंदा बारदानाचा. बारदान म्हणजे रिकामी पोती. ती गावोगावहून आणायची, झाडायची, एकेक तपासायची, शिवण्याजोगी शिवायची, गठ्ठे बांधायचे आणि तंबाखूच्या, गुळाच्या, धान्याच्या व्यापाऱ्यांना विकायची. ऐकायला अगदीच रुक्ष वाटतं. मलाही वाटलं होतं. पण चिकोडीपासून बेळगावपर्यंत कुठल्याही पेठेत जा, मगदूमांचा गठ्ठा कुणी सोडून बघत नाही. गठ्ठ्यावर काळ्या शाईत मार्का असतो, गोलात एक मोरपीस. तो दिसला की माल थेट आत जातो. आप्पांच्या आजोबांनी पत्रा कापून केलेला साचा अजून चालू आहे. तो गठ्ठ्यावर ठेवायचा, शाईत बुडवलेला जाड ब्रश वरून ठोकायचा आणि पत्रा अलगद उचलायचा. वखारीत बाकी सगळी कामं हमाल करतात, हे एक काम आप्पा स्वतः करतात. का, असं विचारलं तर म्हणतात, "मार्का म्हंजे मी बगितलंय असं सांगणं. बगितलंय मी, तर मारणार दुसरा कोण?"

या मार्क्यापायी त्यांनी निम्म्या पाहुण्यांशी वाकडं घेतलं आहे. चिकोडीच्या मेव्हण्याने पापडाचा धंदा काढला आणि पाकिटावर मोरपीस मागितलं. आप्पा म्हणाले, "पापड मी लाटलं न्हाईत." पुतणीच्या लग्नपत्रिकेवर घराण्याची खूण म्हणून मार्का छापायचं सगळ्यांनी ठरवलं, तेव्हा आप्पांनी भरल्या घरात सांगितलं, "नवरा मी तपासल्याला न्हाय." नवरा चांगला निघाला, संसार चांगला चाललाय, पण त्या बाजूचे लोक अजून आप्पांना जेवायला वाढताना हात आखडता घेतात. आप्पांना त्याचं काही नाही. ते पोटभर जेवून येतात.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी त्रिशला. शिकायला बेंगळुरूला गेली, तिथे चांगली नोकरी केली आणि एक दिवस ती सोडून परत आली. येताना दोन पेट्या भरून रेकॉर्ड, एक प्लेअर आणि एक कल्पना घेऊन आली. निपाणीतून रेकॉर्ड लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढून विकणारी छोटी कंपनी, चालवायची. लेबलचं नाव तिने ठेवलं 'बारदान'. जो कुणी नाव ऐकून हसायचा, त्याच्याकडे ती अशी बघायची की तो एखादा टी-शर्ट विकत घेऊनच जायचा. हा आत्मविश्वास तिने कुठून आणला ते आप्पांना भेटल्यावर मला कळलं. तो घरचाच माल होता.

'बारदान'चं संगीत म्हणजे डान्स-पंक. मला हे नीट सांगता येतं, कारण मी बेळगावात विमा कंपनीच्या काउंटरवर बसते आणि अवघड गोष्ट सोपी करून सांगणं हाच माझा धंदा आहे. पंक म्हणजे भांडण. डान्स म्हणजे नाच. दोन्ही एकत्र केलं की भांडता भांडता नाचता येतं. आमच्या सीमाभागात दोन्हीची हौस दांडगी, त्यामुळे हे संगीत इथेच जन्मलं नाही याचंच मला नवल वाटतं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मी त्रिशलाच्या स्टॉलवर बसते. टी-शर्ट, स्टिकर आणि कोऱ्या पोत्यांच्या तुकड्यांतून शिवलेल्या पिशव्या विकते. पिशव्या शिवतात अक्काताई, म्हणजे त्रिशलाची आई. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने तक्रार केली की पिशवीच्या कुसा काळ्या शर्टाला चिकटतात. अक्काताई म्हणाल्या, "मग पांडरा घाल म्हणावं." आम्ही त्याला तेच कळवलं. त्याने आणखी दोन मागवल्या.

पहिली दोन वर्षं लेबलने इतरांच्या जुन्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड काढल्या. मग 'बंद वखार' हा बँड मिळाला. बेळगावची तीन पोरं, ड्रमवर नागेंद्र. त्याची घरची भाषा कन्नड, शिव्यांची मराठी. गाणी दोन्ही भाषांत, कधी एकाच ओळीत दोन्ही. त्यांची पहिली मोठी रेकॉर्ड त्रिशलाने मगदूमांच्याच वखारीत ध्वनिमुद्रित केली, कारण चहूबाजूंनी पोत्यांच्या थप्प्या लावल्या की आवाज असा काही घट्ट येतो की स्टुडिओवाल्यांनी मान खाली घालावी. आप्पा आणि अक्काताई तेव्हा बाहुबलीला दर्शनाला गेले होते. शेवटच्या गाण्याच्या वेळी नागेंद्रच्या मोठ्या ढोलाचं कातडं फाटलं. दुसरं आणायचं तर बेळगाव गाठायला हवं होतं. त्रिशलाने जुने हमाल परशराममामांना बोलावलं आणि थप्पीवर चढवलं. नागेंद्रने हात केला की मामांनी वरून पोत्यांचा गठ्ठा खाली टाकायचा. धप्प. आम्ही तो एक ठोका चांगला मिळेपर्यंत घेत राहिलो आणि मग पूर्ण गाण्याला तोच लावला. मामा दुसऱ्या दिवशी कण्हत होते, पण खूश होते.

ते गाणं रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला शेवटी आलं. आणि त्याच्या शेवटी त्रिशलाने एक खोडी केली. रेकॉर्डवरची रेघ बाहेरून आत जात संपते हे सगळ्यांना माहीत आहे. पण कारखान्यात सांगितलं तर शेवटची रेघ गोल जोडून देतात. मग सुई त्या गोलातून बाहेरच पडत नाही. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो, कुणीतरी हाताने सुई उचलेपर्यंत. आमच्या रेकॉर्डवर तो तुकडा होता मामांच्या गठ्ठ्याच्या ठोक्याचा आणि वर गिटारच्या एका फटकाऱ्याचा.

कव्हर साधं तपकिरी, पोत्याच्या रंगाचं. पुढच्या बाजूला काहीच छापलेलं नाही. ती जागा मार्क्यासाठी होती. प्रत्येक कव्हरवर मोरपिसाचा मार्का, पत्र्याने आणि ब्रशने, खुद्द आप्पांच्या हातचा. "ही माझी पहिली खरी रेकॉर्ड," त्रिशला मला म्हणाली होती. "ती मगदूमांचा माल म्हणून बाहेर पडायला पाहिजे." एरवी कुणालाही न विचारणारी ही पोरगी त्या एका गोष्टीसाठी बापाच्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं तेव्हा मी तिथेच होते. आप्पांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली आणि म्हणाले, "माल येऊ दे. बगतो." त्रिशलाने हे होकार म्हणून घेतलं. मीही घेतलं. लग्नपत्रिकेची गोष्ट दोघींनाही तेव्हा आठवायला हवी होती.

माल आला तेव्हा त्रिशला स्टॉल घेऊन बेंगळुरूला गेली होती. मुंबईच्या कारखान्यातून तीनशे रेकॉर्ड, खोक्यांत भरून, लॉरीने. पुढच्या रविवारी वखारीत प्रकाशनाचा कार्यक्रम ठरलेला होता, लोकांना निमंत्रणं गेली होती. आप्पांनी खोकी उतरवून घेतली आणि बगतो म्हटलं होतं त्याप्रमाणे बघायला बसले. पोत्यांचा गठ्ठा तपासायची त्यांची रीत ठरलेली आहे. वरचं एक, मधलं एक, तळचं एक. तीच त्यांनी खोक्यांना लावली. प्रत्येक खोक्यातून वरची, मधली आणि तळची रेकॉर्ड काढली, त्रिशलाचा छोटा प्लेअर पेढीवर मांडला आणि एकेक रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी ऐकली. टोपी घालून, मांडी घालून, डोळे मिटून. अक्काताई सांगतात, "प्रवचनाला बसल्यागत बसलं हुतं." लोक जिथे नाचतात, हातवारे करतात, घसा फोडतात, ते सगळं या माणसाने हात मांडीवर ठेवून ऐकलं, तेही एकदा नव्हे. माझ्या ओळखीत इतकं मन लावून पंक ऐकलेला दुसरा माणूस नाही.

आणि प्रत्येक रेकॉर्ड दुसऱ्या बाजूच्या शेवटी अडकली. पहिल्या वेळी आप्पा थांबले, गाणं लांबलचक असेल म्हणून. अक्काताई म्हणाल्या, "अवो, दिवस बुडतूय, जेवून घ्या." त्या घरात दिवस बुडाल्यावर अन्नपाणी घेत नाहीत. आप्पांचा तो नेम लहानपणापासूनचा आहे आणि तापातसुद्धा मोडलेला नाही. ते जेवून परत आले तरी सुई तिथेच. दुसऱ्या दिवशी दुसरी रेकॉर्ड, तेच. वरची, मधली, तळची, सगळ्या तशाच. आप्पांचा निकाल झाला. माल खोटा आहे आणि सगळाच खोटा आहे. कारखानदाराने पोरीला फसवलं आहे.

आता दुसरा कुणी असता तर त्याने पोरीला फोन केला असता. पण बारदानाच्या धंद्यात खोट्या मालाचा एक कायदा आहे, आधी माल परत, मग बोलणं. माल आपल्या दारात असला की समोरचा फोन उचलत नाही, त्याच्या दारात जाऊन पडला की तोच फोन करतो. शिवाय पोरगी स्टॉलवर एकटी, तिला कशाला घोर. आप्पांनी खोकी पुन्हा बांधली, वर स्वतः सुतळी आवळली आणि सगळा माल लॉरीने परत पाठवून दिला. मग शांतपणे पोती तपासायला बसले. बापाचं कर्तव्य केल्याचं समाधान चेहऱ्यावर होतं म्हणे.

त्रिशला शुक्रवारी सकाळी बसमधून उतरून थेट वखारीत आली आणि रिकामी जागा बघितली. त्यानंतर दोघांमध्ये काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मला फक्त फोन आला. "माधवी, ऑफिसातनं नीघ. काकतीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात जा. माल आज तिथनं मुंबईच्या गाडीत चढणार हाय. अडव." मी काउंटरवरच्या काकांना अर्ध्या पॉलिसीत सोडून निघाले. ते काका अजून माझ्यावर रागावून आहेत.

गोदामात आमची खोकी मी लांबूनच ओळखली, मगदूमी गाठींवरून. पण तिथल्या कारकुनाने हात जोडले. माल ज्याने पाठवला त्यानेच सही करून परत घ्यायचा, नाहीतर गाडीत चढणार. मी कन्नडमधून विनवलं, मराठीतून विनवलं, शेवटी एका खोक्यावर जाऊन बसले. हमाल माझ्याभोवतीची खोकी भरू लागले. मी उठले नाही. विमा कंपनीत काउंटरवर बसून बसून मला एक गोष्ट उत्तम येते, ती म्हणजे बसणं.

तेवढ्यात मगदूमांची जीप आत आली. आप्पा पुढे, त्रिशला चालवत. निपाणीपासून काकतीपर्यंत दोघं एक शब्द बोलले नव्हते, हे जीप थांबली त्या पद्धतीवरून कळत होतं. आप्पा उतरले, कारकुनाशी कन्नडमधून दोन वाक्यं बोलले, सही केली, भरलेली खोकीही खाली उतरवून घेतली आणि मग मुलीकडे वळले.

"हां, आता सांग. अडकती ती मुद्दाम अडकती म्हणालीस. कशाला?"

"नाच थांबू नये म्हणून, आप्पा."

"संपायचं न्हाय व्हय त्ये?"

"कुणी सुई उचलली की संपतं."

आप्पांनी एका खोक्यावरची सुतळी ओढून बघितली. "मग हे मला आधी सांगायचं न्हाय?"

"आणि तुम्ही मला विचारायचं न्हाय?"

कारकून, हमाल, मी, सगळे दुसरीकडे बघायला लागलो. आप्पा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळू म्हणाले, "चुकलं माझं, त्रिशू. माल तुझा हुता. परत लावायचा हक्क मला नव्हता. पण एक सांगतो, राग मानू नगं. मी त्ये सगळं ऐकलं. मला काय बी कळलं न्हाय. चांगलं काय, वाईट काय, कळंना. न कळणाऱ्या मालावर मार्का मारू कसा?"

त्रिशला म्हणाली, "मग नका मारू." आणि खोकी उचलायला लागली. मी तिचा चेहरा बघितला. तिला इतकं लागलेलं मी कधी बघितलं नव्हतं. खोकी जीपमध्ये ठेवताना आप्पा सवयीने थप्पी लावायला लागले, एकावर एक आडवी. "उभी, आप्पा," ती म्हणाली. "आडवी ठेवली की वाकतात." आप्पांनी सगळी परत काढली, उभी लावली आणि हलू नयेत म्हणून सुतळीने आवळली. तेवढं एकच बोलणं झालं.

मी तिला बाजूला घेतलं. "अगं, तो ठोका परशराममामांच्या गठ्ठ्याचा हाय म्हणून सांग की. तुमच्याच वखारीतला आवाज हाय. ऐकलं तर विरघळतील."

"न्हाय सांगायचं," त्रिशला म्हणाली.

"का?"

"तपासणी त्यांची हाय. मी कानात सांगून मार्का मारून घेतला, तर त्यो मार्का कसला?"

मला तिचा संताप आला. बापाचा हट्ट एक वेळ समजतो, पण बापाच्या हट्टाला मुलीनेच पाठिंबा द्यायचा म्हणजे कमाल झाली. शनिवारी नागेंद्रनेही डोकं चालवलं. मार्क्याचा फोटो काढू, स्टिकर छापू, चिकटवून टाकू, कुणाला कळतंय. त्रिशला म्हणाली, "मला कळतंय." आणि ठरवून टाकलं, कव्हर कोरंच जाऊ दे. कोऱ्या कव्हरची तिने मोठी गंमत असल्यासारखी जाहिरातही केली. पण रविवारी सकाळी माझ्याबरोबर स्टॉल मांडताना ती एकेक कोरं कव्हर हातात घेऊन त्यावरून तळवा फिरवत होती.

'बारदान'चे कार्यक्रम दुपारी तीनला सुरू होतात आणि दिवस बुडायच्या आत संपतात. बाहेरगावच्या लोकांना वाटतं यात काहीतरी कलात्मक आहे. यात फक्त एवढंच आहे की वखार मगदूमांची आहे आणि मगदूमांना वेळेत जेवायचं असतं. त्या रविवारी पुण्याहून, कोल्हापूरहून, बेंगळुरूहून पोरं आली. रंगवलेल्या केसांची, फाटक्या पँटींची. आप्पांनी दारात प्रत्येकाला 'या, बसा' म्हणून नमस्कार केला. एका पोराच्या गुडघ्यावरचं भोक मात्र त्यांनी जरा जास्त वेळ बघितलं. मग आपली खुर्ची दाराशी लावून, हाताची घडी घालून बसले. मालक म्हणून हजर राहायचं, म्हणून राहिले.

बँड तुफान वाजला. मग त्रिशलाने रेकॉर्ड लावली. मोठे स्पीकर नागेंद्रने लग्नाच्या मंडपवाल्याकडून आणले होते, माझ्या उंचीचे. पहिली बाजू झाली, दुसरी बाजू झाली, शेवटचं गाणं लागलं आणि वखारीची फरशी हलायला लागली. पेढीवरच्या त्या छोट्या प्लेअरच्या डबीएवढ्या स्पीकरवर हा ठोका म्हणजे नुसती टिचकी वाजत असणार. इथे तो पोटात बसत होता. धप्प. धप्प. पोरं नाचत होती, हमाल नाचत होते, अक्काताई आतल्या दारात उभ्या राहून पिशवीने वारा घेत होत्या. गाणं संपलं आणि सुई शेवटच्या गोलात शिरली. नाच थांबला नाही. धप्प. धप्प. धप्प.

मी आप्पांकडे बघत होते, म्हणून सांगू शकते. त्यांनी आधी हाताची घडी सोडली. मग खाली बघितलं. मग पायातली वहाण काढून अनवाणी पाऊल फरशीवर ठेवलं. पन्नास वर्षं या माणसाने याच फरशीवर गठ्ठे पडताना पायांनी ऐकले होते. ते उभे राहिले, नाचणाऱ्या पोरांमधून वाट काढत परशराममामांपर्यंत गेले आणि त्यांच्या कानाशी ओरडले, "परश्या! ह्यो गठ्ठा तू टाकलायस?"

मामा नाचता नाचता थबकले. "व्हय, आप्पा."

"कितव्या थरावरनं?"

तिसऱ्या थराच्या वरून गठ्ठा टाकायचा नाही, पोती फाटतात, असा वखारीचा नियम आहे. मामांनी खाली बघितलं. "तिसऱ्या."

"खोटं. पाचव्या तरी."

"…व्हय, आप्पा."

"फाटली असत्याली की रं!" आप्पा ओरडले. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या तोंडावर हसू पसरलं. त्यांनी वळून त्रिशलाकडे बघितलं. ती प्लेअरजवळ उभी होती. दोघांमध्ये शंभरभर माणसं उड्या मारत होती. आप्पा मोठ्याने म्हणाले, पण तिला ऐकू गेलं नसणार, "हा तर आपल्याच वखारीतला माल हाय."

ते पेढीकडे गेले. परत आले तेव्हा एका हातात पत्रा होता, दुसऱ्यात शाईचा डबा. खुर्ची बाजूला सारून त्यांनी दोन गठ्ठे एकावर एक ठेवले, वर फळी टाकली, आणि माझ्या स्टॉलवरच्या रेकॉर्ड मागवल्या. पहिल्या कव्हरवर पत्रा ठेवला, ब्रश ठोकला, पत्रा उचलला. तपकिरीवर काळं मोरपीस. शाई वाळेपर्यंत त्यांनी ते हातात आडवं धरलं आणि वरून फुंकर घातली. त्रिशला केव्हा तिथे येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिने ते कव्हर हातात घेतलं आणि ढसाढसा रडायला लागली. रंगवलेल्या केसांच्या त्या सगळ्या पोरांसमोर, जराही न लाजता. मीही रडले, आणि मला त्याबद्दल काही सांगायचं नाही.

मग रांग लागली. ज्यांनी रेकॉर्ड आधीच घेतल्या होत्या तेही परत आले. आप्पा एकेक कव्हर घेत, ते उजेडाला धरून बघत, मार्का मारत, फुंकर घालत आणि दोन्ही हातांनी परत देत. घाई नाही. रेकॉर्ड वाजतच होती. नागेंद्र सुई उचलायला गेला तर आप्पा न बघता म्हणाले, "कुणी हात लावायचा न्हाय. रांग सरंस्तवर चालू दे."

दारातून येणारं ऊन पिवळं झालं, मग तांबडं. अक्काताई बाहेर आल्या. आप्पांनी मान वर केली नाही. "अवो," त्या म्हणाल्या, "दिवस चाललाय. दोन घास खाऊन घ्या. माणसं काय पळून जात न्हाईत."

"लांबनं आल्यात, अक्काताई. रांगंतला माणूस थांबवून मी जेवू व्हय?"

"पाणी तरी घ्या."

"हात शाईचं हाईत."

अक्काताई आत गेल्या. आतून भांडी झाकल्याचा आवाज आला. दारातला उजेड गेला, कुणीतरी दिवा लावला, आणि आप्पा मार्का मारत राहिले. तापात न मोडलेला नेम त्यांनी तेव्हाही मोडला नाही. नेम पाळला आणि जेवण सोडलं. आता दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही नाही, हे त्या घरात वाढलेल्या त्रिशलाला सांगायला लागत नव्हतं. ती रांगेतल्या प्रत्येकाला कव्हर नीट धरायला सांगत होती आणि मधूनमधून बापाकडे बघत होती.

रांग संपली. लोक पांगले. वखारीत आम्ही घरचेच उरलो, आणि तो ठोका. आप्पांनी ब्रश डब्यात ठेवला, पत्रा पुसला आणि खुर्चीत बसले. थकले होते, फार थकले होते, ओठ कोरडे पडले होते.

"आप्पा, उपाशी राहिलासा तुम्ही," त्रिशला म्हणाली.

"एक दिस काय हुतंय."

"उचलते आता सुई," ती म्हणाली आणि प्लेअरकडे वळली.

"थांब," आप्पा म्हणाले. त्यांचं अनवाणी पाऊल अजून फरशीवर होतं आणि ते ठोक्याबरोबर हलत होतं. "असू दे गं. अजून जरा वाजू दे."